दोन जणांचं भाडं

दर तिसऱ्या मंगळवारी मी रक्त घ्यायला जातो.
लार्नाकाचं इस्पितळ, खिडकीजवळची खुर्ची.
सत्तेचाळीस वर्षं झाली. किती अनोळखी माणसं
माझ्या अंगात राहून गेली, हिशेब नाही.
रक्ताची नाती म्हणाल तर
अर्ध्या बेटाशी आहेत माझी.

त्या मंगळवारी पोलिक्सेनी शेजारच्या स्टुलावर बसली,
पर्समधून घडी घातलेला कागद काढला
आणि माझ्याकडे नाही, नळीकडे बघत म्हणाली :
पाच झालेत.

पाच दिवसांचे पाच. नावं नाहीत, नुसते आकडे.
एकचा निकालच लागला नाही.
दोन आणि चार बाधित.
तीन वाहक.
पाच निर्दोष, पण त्याची वाढ बरी नाही.
डॉक्टर मिरोफोरा म्हणाल्या, रुजेलसं वाटत नाही.

वाहक म्हणजे जुन्या बसमधला तिकीटवाला;
स्वतःला काही होत नाही त्याला,
दुसऱ्यांना त्यांच्या त्यांच्या थांब्यावर उतरवतो.
पोलिक्सेनी वाहक, तिचा रिक्कोस वाहक.
आई-बाबा होतेच, पण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
चर्च लग्नाआधी तपासणीचा दाखला मागू लागलं
तोवर मी शाळेत जात होतो.

'इव्हागोरा, तू रागावशील?'

मी काय रागावणार.
लहानपणी रात्रभर पोटात सुई,
उशाशी पंपाची घरघर.
आई म्हणायची, मांजर आहे, झोप.
मी त्या मांजराला नावसुद्धा ठेवलं होतं.
हे सगळं आणखी एकाला द्यायचं का, असं विचारलंस
तर मी नाहीच म्हणेन, विचार न करता.
आणि मग तू नसतास तर, असं विचारलंस
तर म्हणेन, दुकान उघडायची वेळ झाली.

तिने तसं विचारलं नाही.
आम्ही दोघं पिशवीतून पडणारे थेंब मोजत बसलो.

आई ओट्यावर ताट तिरकं धरून मसूर निवडायची.
बोटाने एकेक खडा कडेला.
खड्यांचं काय करतेस, मी विचारलं होतं.
अंगणात टाकते, म्हणाली. अंगण त्यांचंच की.

जूनमध्ये तीन नंबर ठेवला. रुजला.
आता तिचं नाव लुकिया,
परवा माझ्या काउंटरवर चढून
तिने किल्ल्यांचा अख्खा हुकबोर्ड पाडला.
दोनशे किल्ल्या, कुठली कुणाची, दोन दिवस लागले मला.
मोठी झाली की तिलाही कुणीतरी तो कागद दाखवेल.
ते तेव्हा बघू.

जानेवारीत दुकानाच्या पत्त्यावर एक पाकीट आलं.
क्लिनिकचं बिल. वार्षिक साठवण, नग दोन.
नावाच्या जागी पोलिक्सेनी, पत्ता माझा.
म्हणजे त्या फॉर्मवर तिने
'नष्ट करा'वर खूण केली नव्हती,
'संशोधनासाठी द्या'वरही नाही.
आणि रिक्कोसला कळू दिलं नव्हतं.

मी फोन उचलला. तिला झापायचंच ठरवलं होतं.
अगं, ते मी नव्हे.
उणे एकशे शहाण्णव अंशात ठेवलेल्या नळीत
कुणी कुणाचा भाऊ नसतो.
वाट बघायलाही कुणीतरी लागतं, ते तिथे नाही.
पैसे उगाच पाण्यात.

पलीकडे लुकिया रडत होती, दात येत होते.
पोलिक्सेनी म्हणाली, बोल, काय झालं?
मी म्हटलं, काही नाही. मंगळवारी येतेस ना?

मग गिऱ्हाइकाची किल्ली यंत्रात तशीच ठेवून
बँकेत गेलो, रांगेत उभा राहिलो.
कारकुनाने विचारलं, कशाचं भरताय?
भाडं, म्हटलं.
कुणाचं?

मागच्या बाई पुढे सरकल्या होत्या.
मी पावती घेतली.